अपील प्रलंबित असताना मूळ दाव्याची सुनावणी

शासकीय कचेऱ्यांतील टिप्पण्यांमध्ये एक वाक्य वारंवार आढळते : "सदर प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने पुढील कार्यवाही तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे." हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा कोणतीही अप्रामाणिकता नसते. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले आहे, निर्णय काय लागेल हे ठाऊक नाही, तेव्हा थांबलेले बरे, एवढाच साधा विचार त्यामागे असतो. परंतु न्यायप्रविष्ट असणे आणि स्थगित असणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर जेथे पुसले जाते तेथे कोणाच्या तरी हक्काची वर्षे वाया जातात. ही वर्षे कधी नागरिकाची असतात, तर कधी शासनाची.

हा प्रश्न घटनात्मक हक्कांच्या दाव्यांत विशेष तीव्रतेने उद्भवतो. नागरिक दिवाणी न्यायालयात येतो आणि म्हणतो की, शासनाच्या अमुक कृत्याने राज्यघटनेने दिलेला आपला हक्क डावलला गेला. शासन उत्तर देते की, असा दावा मुळात चालूच शकत नाही. खालचे न्यायालय शासनाचा आक्षेप फेटाळते आणि शासन वरच्या न्यायालयाकडे धाव घेते. आता प्रश्न असा की, वरचे न्यायालय त्या आक्षेपाचा विचार करीत असताना खाली साक्षीदार तपासावेत की नाही? वादीला पिंजऱ्यात उभे करावे की थांबावे?

दोन्ही बाजूंना सबळ कारणे आहेत. दावा चालण्याजोगा नाही असे उद्या वरच्या न्यायालयाने ठरविले, तर आज घेतलेला सगळा पुरावा निरर्थक ठरेल. न्यायालयाचा वेळ, पक्षकारांचा खर्च, कामधाम सोडून आलेल्या अधिकाऱ्यांच्या फेऱ्या, सारे फुकट जाईल. शासनाच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो. काही प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे असतात. त्यांवर सुनावणी होणे हीच मुळी कार्यकारी सत्तेतील ढवळाढवळ होय आणि ती एकदा होऊन गेली की नंतरच्या निकालाने भरून निघत नाही.

उलट बाजूचे कारण अधिक साधे आहे, आणि म्हणूनच कदाचित ते कमी ऐकले जाते. माणसे विसरतात. साक्षीदार गाव सोडून जातात, आजारी पडतात, मरतात. कागद हरवतात. ज्याच्याजवळ कागदांचे कपाट आणि पगारी वकील आहे त्याला पाच वर्षांचा विलंब सोसतो. ज्याचा सारा पुरावा स्वतःच्या आठवणीत आणि शेजाऱ्याच्या साक्षीत आहे त्याला तो सोसत नाही. बाहेरून पाहता स्थगिती तटस्थ दिसते, पण तिचे ओझे दोन्ही तागड्यांत सारखे पडत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली नेमके हेच कारण देऊन एका राष्ट्राध्यक्षाची विनंती अमान्य केली होती. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध, ते आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर असतानाच्या वर्तनाबद्दल, राज्याच्या सेवेतील एका महिलेने १९९४ मध्ये दिवाणी दावा लावला होता. राष्ट्राध्यक्षपदाची मुदत संपेपर्यंत दावा थांबवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या न्यायाधीशांनी मध्यम मार्ग काढला : पुरावा गोळा करण्याचे काम चालू राहावे, मात्र प्रत्यक्ष सुनावणी पदाची मुदत संपल्यावर व्हावी. अपील न्यायालयाने ही स्थगिती उठविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ मे १९९७ रोजी एकमताने ते कायम केले. सुनावणी लांबविल्यास पुरावा नाहीसा होण्याचा, साक्षीदारांना तपशील न आठवण्याचा आणि पक्षकारच मरण पावण्याचा धोका वाढतो, असे न्यायालयाने निकालपत्रात नमूद केले. राष्ट्राध्यक्षांना मिळाली नाही ती सवलत इतर कोणी हक्क म्हणून मागावी काय, हा प्रश्न येथे सहजच मनात येतो.

परंतु त्याच देशात दुसरी एक वाट आहे. तेथील संघीय न्यायव्यवस्थेत अपील साधारणतः अंतिम निकालानंतरच करता येते. हे तत्त्व १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमापासून चालत आले आहे. दाव्याच्या मधल्या टप्प्यावरील प्रत्येक आदेशाविरुद्ध वर जाऊ दिले तर कोणताच दावा संपणार नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. मात्र या तत्त्वाला अपवाद आहेत. शासकीय अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क डावलल्यास त्याच्यावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावण्याची मुभा तेथे १८७१ च्या कायद्याने दिली. पुढे न्यायालयांनी अधिकाऱ्यांसाठी मर्यादित संरक्षणाचे तत्त्व विकसित केले : ज्या हक्काचे स्वरूप त्या वेळी कायद्याने स्पष्ट झालेले नव्हते, त्याच्या भंगाबद्दल अधिकाऱ्याला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरू नये. हे संरक्षण केवळ दायित्वापासून नसून खटल्याला तोंड देण्यापासूनच आहे, असे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. त्यामुळे ते नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध, कायद्याच्या मुद्द्यापुरते, मध्येच अपील करण्याची मुभा मिळाली, आणि असे अपील झाले की खालची सुनावणी सामान्यतः थांबते. ज्या संरक्षणाचा अर्थच "खटल्यापासून मुक्तता" असा आहे ते खटला चालवून झाल्यावर देण्यात अर्थ नाही, हा युक्तिवाद तर्काला धरून आहे. तथापि निव्वळ वेळ काढण्यासाठी केलेले अपील ओळखण्याचा अधिकार खालच्या न्यायाधीशांनाही असावा लागतो, आणि अपील फोल असल्याची लेखी नोंद करून सुनावणी पुढे चालविण्याची पद्धत तेथील काही न्यायालयांनी स्वीकारलेली आहे.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण ऑरेगन राज्यातील आहे. युजीन येथील संघीय जिल्हा न्यायालयात १२ ऑगस्ट २०१५ रोजी २१ मुलांनी आणि तरुणांनी संयुक्त संस्थानांच्या शासनाविरुद्ध दावा दाखल केला. 'जुलियाना विरुद्ध संयुक्त संस्थाने' या नावाने तो ओळखला जातो. दाखल होतेवेळी वादींची वये ८ ते १९ वर्षे होती. भावी पिढ्यांचे पालक म्हणून प्रसिद्ध हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन हेही दाव्यात सामील झाले होते. कोळसा, तेल व नैसर्गिक वायू यांच्या वापरास अनेक दशके उत्तेजन देऊन शासनाने हवामान बिघडविले आणि आपल्या जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांच्या घटनात्मक हक्कांवर आघात केला, असे वादींचे म्हणणे होते. दावा रद्द करावा ही शासनाची मागणी न्यायाधीश ॲन एकन यांनी १० नोव्हेंबर २०१६ रोजी फेटाळली आणि मानवी जीवन तगून राहील असे हवामान हा मूलभूत हक्क होय, असे मत नोंदविले.

आता सुनावणी होणे क्रमप्राप्त होते. ती व्हायची तारीखही ठरली होती : ५ फेब्रुवारी २०१८. परंतु जून २०१७ मध्ये शासनाने नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाकडे परमादेशाची मागणी केली. खालच्या न्यायालयाला दावा काढून टाकण्याचा आदेश द्यावा, असे त्या अर्जात म्हटले होते. अपील न्यायालयाने जुलैमध्ये कामकाज थांबविले आणि ७ मार्च २०१८ रोजी अर्ज फेटाळला. अर्ज फेटाळला गेला खरा, पण ठरलेली तारीख तोवर निघून गेलेली होती. नवी तारीख २९ ऑक्टोबर २०१८ ही पडली. शासनाने या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ३० जुलै रोजी ती मागणी वेळेआधीची म्हणून नाकारली गेली. मात्र दाव्याची व्याप्ती असामान्य आहे, असा शेराही मारण्यात आला. सुनावणीस दहा दिवस उरले असता, १९ ऑक्टोबर रोजी, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी तात्पुरती स्थगिती दिली. २ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगितीचा अर्ज नाकारला, परंतु शासनाला अपील न्यायालयात दाद मागता येईल असे सुचविले. ८ नोव्हेंबरला अपील न्यायालयाने सुनावणी थांबविली. त्याच महिन्यात न्यायाधीश एकन यांनी मधल्या टप्प्यावरील अपिलास परवानगी दिली.

श्रोत्यांच्या लक्षात येईल की, येथे स्थगितीचा अर्ज फेटाळला जाऊनही स्थगितीचा परिणाम पुन्हा पुन्हा साधला गेला. कागदावर एकेक आदेश तपासला तर प्रत्येकाला कारण आहे. एकत्र पाहिले तर सुनावणीची तारीख दर वेळी हातातून निसटलेली आहे.

१७ जानेवारी २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने दावा काढून टाकण्याचा निर्णय दिला. वादींची गाऱ्हाणी खरी आहेत, हवामानबदलाचे संकट गंभीर आहे, हे बहुमताने मान्य केले. मात्र त्यावर मागितलेला इलाज करणे न्यायालयाच्या हाती नसून तो लोकनियुक्त शाखांचा प्रांत आहे, असे म्हटले. न्यायाधीश जोसेफिन स्टेटन यांनी कडक शब्दांत विरुद्ध मत नोंदविले. यानंतरही प्रकरण संपले नाही. २०२३ मध्ये दुरुस्त वादपत्रास परवानगी मिळाली, शासनाने पुन्हा परमादेशाची मागणी केली, आणि १ मे २०२४ रोजी अपील न्यायालयाने दावा काढून टाकण्याचा स्पष्ट आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी वादींचा अखेरचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला. साडेनऊ वर्षांच्या या काळात हक्कभंगाच्या मूळ प्रश्नावर सुनावणी झाली नाही आणि एकही साक्षीदार भर न्यायालयात तपासला गेला नाही. दाव्याच्या वेळी आठ वर्षांचे असलेले मूल तोवर शाळा संपविण्याच्या वयाला आले होते.

याच्या शेजारी मोंटाना या राज्यातील दावा ठेवून पाहावा. तेथे २०२० मध्ये १६ मुलांनी व तरुणांनी राज्य शासनाविरुद्ध असाच दावा लावला. मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेत स्वच्छ व आरोग्यपूर्ण पर्यावरणाचा हक्क लेखी दिलेला आहे, हा दोन्ही प्रकरणांतील मोठा फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. परंतु दुसरा फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. सुनावणीपूर्वी राज्य शासनाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेपाची विनंती केली. त्या न्यायालयाने ती मान्य केली नाही. त्यामुळे जून २०२३ मध्ये हेलेना या राजधानीच्या गावी न्यायाधीश कॅथी सीली यांच्यापुढे प्रत्यक्ष सुनावणी झाली. वादींनी आपली हकिकत सांगितली, शास्त्रज्ञांच्या साक्षी झाल्या, राज्यानेही आपले साक्षीदार आणले. सारे कामकाज काही दिवसांत आटोपले. १४ ऑगस्ट २०२३ रोजी निकाल वादींच्या बाजूने लागला. प्रकल्पांना परवाने देताना हरितगृह वायूंचा विचार करण्यास शासकीय यंत्रणांना मज्जाव करणारी कायद्यातील तरतूद घटनाबाह्य ठरली. राज्याने अपील केले आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने तो निकाल कायम केला. शासनाचा अपिलाचा हक्क कोणी हिरावला नाही. तो फक्त पुरावा नोंदला गेल्यानंतर बजावला गेला, आणि त्यामुळे वरच्या न्यायालयापुढे केवळ युक्तिवाद नव्हते, सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीचे लेखी टिपणही होते.

आपल्या देशातील कायदा या बाबतीत काय म्हणतो? दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम ५ याची सुरुवातच अशी आहे की, अपील केल्याने ज्या हुकूमनाम्याविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध ते केले आहे त्याखालील कार्यवाहीस आपोआप स्थगिती मिळत नाही. अपील न्यायालय आदेश देईल तेवढ्यापुरतीच ती मिळते. हुकूमनाम्याच्या बजावणीस स्थगिती देतानाही भरीव नुकसान होईल अशी खात्री पटली पाहिजे, अर्ज विनाकारण विलंब न लावता केलेला असला पाहिजे आणि अर्जदाराने तारण दिले पाहिजे, अशा अटी आहेत. कचेरीतील टिप्पणीत "अपील दाखल केले आहे" एवढेच लिहून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबविणाऱ्यांनी हा नियम एकदा मुळातून वाचावा.

घटनात्मक प्रश्न उपस्थित झाल्यास काय करावे याची तजवीज मात्र अधिक बारकाईने केलेली आहे आणि ती फारशी परिचित नाही. एखादा अधिनियम, अध्यादेश किंवा विनियम अवैध आहे काय, हा प्रश्न सोडविल्याखेरीज दाव्याचा निकाल लागत नसेल, आणि तो अवैध आहे असे खालच्या न्यायालयाचे मत झाले असेल, पण उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने तसे अद्याप जाहीर केलेले नसेल, तर संहितेच्या कलम ११३ च्या परंतुकानुसार खालच्या न्यायालयाने आपले मत व कारणे नमूद करून प्रकरण उच्च न्यायालयाच्या अभिप्रायार्थ पाठवावयाचे असते. मग दावा थांबतो काय? आदेश ४६ चा नियम २ सांगतो की, न्यायालयाला कामकाज स्थगित करता येते किंवा ते पुढेही चालविता येते. इतकेच नव्हे तर उच्च न्यायालयाच्या अभिप्रायाच्या अधीन राहून हुकूमनामाही करता येतो. फक्त अभिप्राय येईपर्यंत त्याची बजावणी करता येत नाही. पुरावा आज नोंदवावा, निर्णयही तयार ठेवावा आणि अंमल तेवढा थांबवावा, अशी ही योजना आहे. दोन्ही पक्षांचे हित साधण्याचा इतका समंजस मार्ग संहितेत उपलब्ध असताना न्यायालये आणि पक्षकार तहकुबीकडेच का वळतात, हे एक कोडेच आहे.

याखेरीज राज्यघटनेच्या अनुच्छेद २२८ खाली उच्च न्यायालय असा दावा स्वतःकडे काढून घेऊ शकते. संपूर्ण दाव्याचा निकाल देऊ शकते किंवा घटनात्मक प्रश्नापुरता निर्णय देऊन दावा परत पाठवू शकते. संहितेच्या आदेश २७-अ नुसार अशा दाव्यांत प्रश्न केंद्रीय कायद्याचा असल्यास महान्यायवादींना आणि राज्य कायद्याचा असल्यास महाधिवक्त्यांना सूचना द्यावी लागते. शासनाची बाजू ऐकल्याविना घटनात्मक प्रश्न निकाली निघू नये, ही त्यामागील दृष्टी.

मधल्या आदेशांविरुद्ध पूर्वी सर्रास केले जाणारे पुनरीक्षण अर्ज हे विलंबाचे मोठे कारण होते. खालून अभिलेख मागविला गेला की दावा आपोआपच थंडावत असे. १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ११५ ला स्पष्ट वेसण घातली : उच्च न्यायालयाने स्थगिती दिल्याखेरीज पुनरीक्षणामुळे दावा थांबत नाही, आणि ज्या आदेशाचा निर्णय उलटा लागला असता तर दावाच संपला असता अशाच आदेशात हस्तक्षेप करता येतो. यानंतर पक्षकारांचा ओघ राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ कडे वळला. पाण्याने एक बांध अडविला की ते दुसरीकडून वाट काढते, तसेच येथे झाले.

महाराष्ट्राच्या अनुभवाचा या ठिकाणी विशेष उल्लेख केला पाहिजे. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुंबईत एक पद्धत रूढ झाली होती. नोटीस न देताच दावा दाखल करावयाचा, तातडीचा मनाई हुकूम मिळवावयाचा, मधल्या काळात नोटिशीची मुदत पुरी करावयाची, मग पहिला दावा मागे घेऊन दुसरा लावावयाचा आणि मनाई हुकूम चालू ठेवावयाचा. दावा चालविण्याचा अधिकारच न्यायालयाला आहे की नाही हे तपासले जाण्यापूर्वी शासनाचे हात बांधले जात. यावर उपाय म्हणून राज्य विधानमंडळाने १९७० साली संहितेत कलम ९-अ घातले. केंद्रीय दुरुस्तीमुळे ते निघून गेल्यावर १९७७ साली ते पुन्हा आणले. अंतरिम आदेशाच्या अर्जाच्या वेळी अधिकारितेचा आक्षेप घेतला गेल्यास न्यायालयाने तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवावा, अशी ही तरतूद होती.

हेतू निर्विवाद चांगला होता. पण व्यवहारात काय घडले? प्रतिवादी आक्षेप घेऊ लागले. प्राथमिक मुद्द्यावर पुरावा नोंदविला जाऊ लागला. त्या मुद्द्यावरील निर्णयाविरुद्ध पक्षकार वर जाऊ लागले, तेथून आणखी वर. मूळ वाद जेथल्या तेथे. शेवटी अधिकारितेचा प्रश्न सुटला की तेच साक्षीदार पुन्हा बोलवावे लागत, जर ते हयात असतील तर. एका दाव्याचे दोन दावे झाले. मनाई हुकूम मिळविणाऱ्याला आवरण्यासाठी केलेली तरतूद दावा लांबविणाऱ्याच्या हातातील साधन बनली. मुदतबाह्यतेचा प्रश्न अधिकारितेत मोडतो काय, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच पीठांमध्ये २०१५ साली मतभेद झाले, ते ४ ऑक्टोबर २०१९ च्या तीन न्यायमूर्तींच्या निर्णयाने मिटले : ज्या प्रश्नासाठी पुरावा तपासावा लागतो तो या कलमाखाली प्राथमिक मुद्दा म्हणून चालविता येणार नाही. तोवर राज्य शासनाने कलमच काढून टाकले होते. २७ जून २०१८ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतरच्या अधिनियमाने ते रद्द झाले. चूक लक्षात आल्यावर कायदा मागे घेण्यास चार दशके लागावीत हे खेदाचे असले, तरी तो मागे घेतला गेला याची नोंदही घेतली पाहिजे.

स्थगितीला कालमर्यादा घालून प्रश्न सुटेल काय, याचाही प्रयोग आपल्याकडे झाला. २८ मार्च २०१८ रोजी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, दिवाणी व फौजदारी खटल्यांना दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल. ती वाढवावयाची असल्यास कारणे देऊन स्वतंत्र आदेश करावा लागेल. रखडलेल्या दाव्यांतील वादींना हा दिलासा वाटला. परंतु दुसरी बाजू लवकरच दिसली. उच्च न्यायालयात कामाच्या ताणामुळे अर्ज सुनावणीस येईना, अर्जदाराची काही चूक नसता त्याची स्थगिती मात्र संपून जाई. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा नियम रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलेल्या निकालपत्रानुसार, पक्षकाराचे म्हणणे ऐकून दिलेला अंतरिम आदेश केवळ दिवस भरले म्हणून आपोआप संपत नाही. त्याचबरोबर, दुसऱ्या बाजूचे न ऐकता द्यावयाची स्थगिती सामान्यतः मर्यादित मुदतीसाठी असावी, असेही त्यात म्हटले आहे.

तेव्हा २०१८ ते २०२४ या दरम्यान "सहा महिने झाले, स्थगिती संपली" असे गृहीत धरून कामे सुरू करणाऱ्या कचेऱ्यांनी आपला समज आता बदलला पाहिजे. स्थगिती आहे की नाही याचे उत्तर दिनदर्शिकेत पाहावयाचे नसून आदेशाच्या प्रतीत पाहावयाचे असते.

एकतर्फी स्थगितीने ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती घटनेनेच एक उपाय दिला आहे. अनुच्छेद २२६ च्या खंड (३) प्रमाणे, अर्जाच्या प्रती न देता आणि म्हणणे मांडण्याची संधी न देता उच्च न्यायालयात अंतरिम आदेश झाला असेल, तर बाधित पक्षाला तो उठविण्यासाठी अर्ज करता येतो आणि उच्च न्यायालयाने त्यावर दोन आठवड्यांत निर्णय द्यावयाचा असतो. तसे न झाल्यास आदेश उठतो, असे तो खंड म्हणतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हा खंड आला. पण अर्ज करावा लागतो. पंचायतीच्या कामावर एकतर्फी 'जैसे थे' आदेश आला की बहुतेक ठिकाणी पुढच्या तारखेची वाट पाहिली जाते. अर्ज करण्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. स्थगितीचा आदेश कोणत्या क्षणापासून बंधनकारक होतो? १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्थगितीचा आदेश खालच्या न्यायालयाला कळल्यापासून त्यावर बंधनकारक होतो. अधिकृत प्रत हाती आली नाही या सबबीवर, माहिती मिळूनही पुढे जाता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने आदेश ४१, नियम ५ ला जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार, अपील न्यायालयाचा आदेश येईपर्यंत अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवरून केलेल्या प्रतिज्ञापत्रावरही खालचे न्यायालय कृती करू शकते. म्हणून आदेशाची तोंडी वार्ता आली असता ती उडवून लावणे जसे धोक्याचे, तसेच केवळ वार्तेवर विसंबून महिनोन्‌महिने काम थांबविणेही अयोग्य होय. त्याच दिवशी सरकारी वकिलाला विचारावे, प्रत मागवावी आणि तीत चार गोष्टी पाहाव्यात : स्थगिती कशाला दिली आहे, ती हुकूमनाम्याच्या बजावणीस आहे की दाव्याच्या कामकाजास, ती कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि तिला कोणती अट घातली आहे. बजावणीस स्थगिती असेल तर खालच्या न्यायालयातील साक्षीपुरावा चालूच राहतो, आणि त्या तारखेस शासनाचा साक्षीदार कागदपत्रांसह हजर असावा लागतो.